त्याला तेल, हिला पेंड

मत्सर मला वाटतो आणि तो मी कधी लपवला नाही. लपवून करायचं काय? अक्रोडाच्या रानाला लागून असलेल्या आमच्या अर्सलानबोब गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते चार घरं पलीकडे वासावरून कळतं, तिथे माझ्या तोंडावरचं कुणाला कळायचं राहणार आहे!

माझी जाऊ शाहलो शहरातून आली, जलालाबादहून. गोरे हात, मऊ बोटं. माझे हात तोवर अक्रोडाच्या हिरव्या साली सोलून सोलून मनगटापर्यंत काळे झाले होते. परसात आमचा लाकडी घाणा आहे, म्हातारा घोडा तो फिरवतो, आणि घोड्याला मी फिरवते. अक्रोडाचं तेल निघतं ते बाजारात जातं. पण हंगामातलं पहिलं, पातळ, मधासारखं सोनेरी तेल बिबिसोरा ओयी, म्हणजे आमच्या सासूबाई, एका बाटलीत भरतात आणि गोधड्यांच्या पेटीत ठेवून देतात. पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात. इतकी वर्षं घाण्याभोवती फिरून त्या तेलातलं माझ्या वाट्याला आलं ते बोटाला चिकटलं तेवढंच.

लग्नानंतर बरीच वर्षं माझी कूस उजवली नाही. मग नोदिरा झाली. मला वाटलं, आता पेटी उघडेल, आता माझ्या लेकीच्या अंगाला ते तेल लागेल. पेटी उघडली, पण उघडली ती शाहलोच्या एल्योरसाठी. तो नोदिराच्या मागोमाग त्याच वसंतात जन्मला.

एल्योरला इसब होता. तिसऱ्या महिन्यातच त्याचे गाल लाल झाले, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या आतली कातडी फाटली, लसू लागली. आमच्याकडे पाळण्यात पोराचे हात बांधून ठेवतात, तरी ते मान घासून घासून गाल सोलून घ्यायचं. शाहलोचा नवरा मॉस्कोत इमारतींवर काम करतो, तो फोनवरून नुसता उसासे टाकायचा. उपाय सांगायला सगळा गाव हजर. कुणी म्हणे गरोदरपणी मध खाल्ला असेल, कुणी म्हणे अंडी बंद करा. पोर अंगावर पीत होतं म्हणून शाहलोची अंडी बंद झाली, साय बंद झाली, ती वाळून काटकी झाली. आणि पोराच्या जिभेवर अक्रोडाचा कणही ठेवायचा नाही, असं ओयींनी बजावलं.

"अक्रोड उष्ण," त्या म्हणाल्या. "तोंडातून गेला तर अंगावर फुटून निघेल."

पण अंगावर तेल मात्र सकाळ-संध्याकाळ. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. कातडी कोरडी आहे, फाटली आहे, तर तेल चोळा. चामड्याच्या खोगिरालाही आपण तेच करतो.

शेगडीपाशी बसून ओयी त्याला मांडीवर घ्यायच्या, बाटली कोमट करायच्या आणि त्या फाटलेल्या कातडीत तेल जिरेपर्यंत बोटं फिरवायच्या. गुणगुणायच्या. तेवढा वेळ पोर रडायचं थांबायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, खोटं का बोलू? माझी नोदिरा रांगत रांगत जायची आणि बाटलीकडे हात पसरायची. ओयी तिचा हात बाजूला करून तिच्या तोंडात चिमूटभर पेंड घालायच्या, सायीत कालवलेली. तेल काढून उरलेली पेंड!

"ओयी, एक थेंब तिच्याही टाळूला लावा की," मी एकदा म्हटलं.

"तिच्या टाळूला काय धाड भरलीय? रेशमासारखी कातडी आहे पोरीची. खा गं बाई, खा. तू आपली पेंड खा."

एक तुपाशी, एक उपाशी, ही म्हण आमच्या घरात तेला-पेंडीवर आली होती. मी नवऱ्यापाशी, तोलिबपाशी, कुरकुर केली. तो चहाची पियाली खाली ठेवून म्हणाला, "अगं खोसियत, मलम जखमी घोड्याला लावतात, धडधाकट घोड्याला नाही. तुला काय, आपली पोरगी आजारी पडायला हवीय?"

मी लगेच 'नाही' म्हणाले नाही. क्षणभर मला खरंच वाटलं, एक डाग, एवढासा लाल डाग नोदिराच्या गालावर उठावा, म्हणजे या घराला तीही दिसेल.

एका दुपारी ओयी बाजारात गेल्या असताना शाहलो माझ्या खोलीत आली. हातात पियाली, पियालीत तेच सोनेरी तेल. "ओपा," ती हळूच म्हणाली, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ती मला म्हणते, "नोदिरासाठी घ्या. ओयींना कळायचं नाही."

त्या पियालीकडे पाहून माझं काळीज तिच्याकडे ओढलं गेलं. आणि तरी तोंडातून काय निघालं? "तुझ्या लेकाचं उष्टं माझ्या लेकीला नको."

ती पियाली घेऊन परत गेली आणि ते तेलही एल्योरच्याच अंगाला लागलं.

दुसरा हंगाम आला तेव्हा दोन्ही पोरं पायांवर उभी होती. हंगामात आमच्याकडे गावात कुणी राहत नाही. घरं कुलुपात आणि माणसं रानात. तंबू ठोकायचे, तोलिबसारख्यांनी झाडांवर चढून फांद्या हलवायच्या, आम्ही खाली वाकून वेचायचं, घरी येईपर्यंत पाठीचा कणा पाठीत राहिलाय की नाही याची शंका. आमच्या घरची एक रीत आहे. जे मूल त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी रानात येतं, त्याला घरातल्या वडीलधाऱ्या बाईने हंगामातला पहिला अक्रोड भरवायचा. दगडावर फोडायचा, आतलं पिवळं सालपट काढायचं, गर आपल्या दातांनी चावून मऊ करायचा आणि बोटाने मुलाच्या तोंडात घालायचा. मग ते मूल रानाचं झालं.

या वर्षी मुलं दोन होती. नोदिरा काही दिवसांनी का होईना, मोठी. पहिला घास तिचा. मी तिचे केस विंचरले होते, नवी टोपी घातली होती, ओयींच्या अगदी समोर तिला उभी केली होती.

ओयींनी अक्रोड फोडला, सोलला, चावला आणि बोट एल्योरकडे नेलं.

"ओयी, याच्या अंगाला..." शाहलो पुटपुटली.

"अंग केवढं सुधारलंय बघ. वर्षभर तेल का उगीच जिरवलंय? रानाचं पोर आहे, रानाची चव कळू दे त्याला."

आता माझ्या डोक्यात जाळ झाला. तेल त्याला, मांडी त्याला, आता पहिला घासही त्यालाच! आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, चांगलं ऐकू जाईल असं म्हणाले, "भरवा, भरवा. पचलं म्हणजे मिळवली!"

आमच्या शेजारीण सलोमत खालांनी पलीकडच्या तंबूतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

ओयींनी उरलेला घास नोदिराला दिला. तिने मिटक्या मारत खाल्ला. आणि तोवर एल्योर ओठ चोळायला लागला होता. ओठ फुगले. मग डोळे फुगले, अंगभर गांधी उठल्या, त्याने ओकारी काढली आणि नंतर तो श्वास ओढू लागला तर आत शीळ वाजत होती. शाहलोची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. तोलिब झाडावरून उतरला नाही, पडलाच म्हणा. पोराला छातीशी धरून घोडा खाली दवाखान्याकडे पिटाळला. तिथल्या नर्सने मांडीत सुई टोचली म्हणून पोर राहिलं. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा त्याचा रंग परत येत होता.

नर्स म्हणाली, "उद्याच्या उद्या जलालाबादला मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि अक्रोड याच्या जवळ नेऊ नका."

अक्रोड जवळ नेऊ नका! अर्सलानबोबमध्ये! आमच्या पत्र्यांवर अक्रोड पडतात.

त्या रात्री आम्ही रान सोडून घरीच आलो. सकाळी गाडी निघायच्या आधी ओयींनी इसिरिकची वाळकी झुडपं पेटवली आणि त्या धुराने पोराची दृष्ट काढायला घेतली. सलोमत खाला होत्याच. दृष्ट कुणाची ते ठाऊक असलं की त्या माणसाच्या कपड्याचा तुकडाही त्या धुरात जाळतात. ओयी कात्री घेऊन सरळ माझ्यासमोर आल्या.

"रुमाल पुढे कर."

"ओयी, मी काही केलेलं नाही."

"तू केलंस असं कोण म्हणतंय? तुझ्या डोळ्यांनी केलं. वर्षभर त्या बाटलीवर लागलेत. आणि काल जिभेनेही केलं."

"सगळ्या रानाने ऐकलंय हो," सलोमत खालांनी पुस्ती जोडली.

माझ्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक त्यांनी कचकन कापलं. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण मी उभी राहिले. कारण आतून मीही घाबरले होते. खरंच माझीच लागली असेल तर? एवढा मत्सर कुठे ना कुठे जात असेलच की. तुकडा जळला, त्याचा करपट वास आला आणि मला भर चौकात उघडं केल्यासारखं वाटलं.

गाडीत मला बसू द्यायला ओयी तयार नव्हत्या. शाहलोच म्हणाली, "ओपा येऊ देत. मला एकटीला भीती वाटते."

जलालाबादची डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाईची नव्हती. एल्योरची कोपरं, गुडघे, मान सगळं तिने निरखून पाहिलं. मग विचारलं, "याआधी अक्रोड कधी खाल्लाय याने?"

"कधीच नाही," शाहलो म्हणाली. "कणसुद्धा नाही."

"आणि अंगाला काय लावता?"

शाहलोने जरा अभिमानानेच सांगितलं, "अक्रोडाचं तेल. घरच्या घाण्याचं, पहिलं. वर्षभर, दोन्ही वेळा."

बाईने पेन खाली ठेवलं. "ऐका. कातडी म्हणजे घराची भिंत. याची भिंत जन्मापासून भेगाळलेली, तोच इसब. त्यात तुमचा कुणाचा दोष नाही. पण अन्न घरात शिरतं कुठून, याला महत्त्व आहे. दारातून येतो तो पाहुणा, त्याला शरीर चहा विचारतं. भिंत फोडून येतो तो चोर. घरी काढलेल्या तेलात थोडा अक्रोड राहतोच. वर्षभर तो याच्या अंगात भेगांतून शिरला, तोंडातून एकदाही नाही. शरीराने त्याला चोर म्हणून लक्षात ठेवलं. काल तो दारातून आला आणि सगळं घर काठ्या घेऊन उठलं. हीच अ‍ॅलर्जी."

"प्रत्येक पोराला असं होतं?" मी विचारलं.

"प्रत्येकाला नाही. पण ज्यांचा इसब असा लवकर येतो आणि एवढा मोठा असतो, त्यांना धोका जास्त."

"माझी मुलगी दात यायच्या आधीपासून पेंड खाते. काल त्याच अक्रोडाचा घास तिनेही खाल्ला."

"तिची पाहुण्याशी ओळख दारातच झाली ना. नशीबवान आहे."

मी खुर्चीत सरळ बसले. "म्हणजे दृष्ट नव्हे?"

"कुणाची?"

"माझी. मी हिची जाऊ."

बाई हसली. "जावेच्या डोळ्यांनी अ‍ॅलर्जी होत असती, तर या शहरात एक पोर धड दिसलं नसतं."

तिने साधं मलम लिहून दिलं, वर व्हॅसलीन. शाहलोने अंडी आणि साय पुन्हा सुरू करायची. नर्सपाशी सुई कायम तयार हवी. अक्रोड नाही, तेल तर मुळीच नाही, आणि अक्रोड हाताळलेल्या हातांनी त्याला उचलायचं नाही. हे कधी जाईल का, असं शाहलोने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कुणाचं जातं. अक्रोडाचं बहुतेकदा राहतं."

परतीच्या वाटेवर मी गाडीत गाणं म्हणायचंच तेवढं बाकी होतं. मनात वाक्य घोळवत होते. घरात शिरायचं, सलोमत खालांना भिंतीवरून हाक मारायची, आणि त्यांच्यासमोर म्हणायचं, 'ओयी, माझे डोळे नव्हेत, तुमची बोटं!' रुमालाची कापलेली कड मी मुद्दाम पुढे घेतली होती.

तेवढ्यात शाहलोने माझा हात धरला. "ओपा, ओयींना तेलाचं सांगू नका. त्यांचा जीव आहे एल्योरवर. आपल्याच हातांनी झालं हे कळलं तर त्या उठायच्या नाहीत."

"आणि मी? मी जन्मभर चेटकीण?"

ती बाहेर बघत म्हणाली, "तुम्हाला वाटतं तुम्ही एकट्याच जळत होता. नोदिरा ओयींच्या ताटातलं उचलून खायची, खळखळून हसायची, रात्रभर झोपायची. मी माझ्या पोराच्या खपल्या मोजत बसायचे. ते तेल घेऊन त्या दिवशी तुमच्याकडे आले ना, ते काही चांगुलपणाने नव्हे. मला वाटलं, तुम्ही ते घ्याल आणि बदल्यात नोदिराला तासभर माझ्याकडे द्याल. जरा ती धड कातडी कुशीत घ्यावी, एवढंच."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, याचाच मला राग आला.

घरी पोचलो तर शेगडी पेटलेली. ओयींनी आदल्या रात्री परसातल्या घाण्यावर स्वतः या वर्षीचं पहिलं तेल काढलं होतं. बाटली कोमट करून, बाह्या वर करून बसल्या होत्या. डोळे सुजलेले.

"आण त्याला. अक्रोड बाधला, पण तेल तर औषध आहे. आण, माझं पाखरू कसं सुकून गेलंय."

शाहलो पोराला घेऊन उंबऱ्यातच थिजली. ओयी उठल्या, तळहातावर तेल ओतून घेतलं आणि त्याच्याकडे निघाल्या. माझं वाक्य माझ्या दातांमागे तयार होतं. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. माझ्याच हातांसारखे काळे होते, फक्त जास्त जुने.

मी मधे उभी राहिले. "ओयी, ती बाटली मला द्या."

"काय?"

"माझीच दृष्ट आहे म्हणता ना? मग ऐका. ती पोरावर नाही, बाटलीवर आहे. हे तेल त्याच्या अंगाला लागतं तोवर माझे डोळे निघायचे नाहीत. आजपासून सगळं मला. थेंबसुद्धा त्याला नाही. पुन्हा लावलंत तर पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही."

ओयींच्या चेहऱ्यावर आला तो तिरस्कार मी अजून विसरलेले नाही. त्यांनी तळहात कपड्याला पुसला आणि बाटली माझ्या हातात आदळली. "घे. घाल घशात. काय भूक आहे बाई एकेकीची!"

असं ते तेल मला मिळालं. ज्यासाठी वर्षभर जळले, ती अख्खी बाटली, आणि ते लावणार कुणाला? नोदिरा दिवसभर एल्योरच्या गळ्यात गळा घालून खेळते. तिच्या अंगाला लावलं तर त्याच्या अंगाला लागणार. मी ते घोड्याच्या पागेच्या दाराला चोळलं. तिकडे पोरं जात नाहीत. सगळ्या अर्सलानबोबमध्ये आता आमच्या पागेचं दार चकाकतं. सलोमत खाला येता-जाता म्हणतात, "दाराला लावेल पण पोराला देणार नाही!"

हिवाळ्यात एल्योरची कातडी मलमाने बरीच निवळली. शाहलो त्याला व्हॅसलीन लावत असली की ओयी लांबून बघत बसायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "तू पोरीला का लावत नाहीस गं ते तेल?" मी म्हटलं, "विसरते." त्या पागेच्या दाराकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

मग एक दिवस असं झालं. ओयी अंगणात अक्रोड फोडत होत्या. एल्योर धावत आला आणि हात पसरून उभा राहिला. त्या त्याला उचलायला वाकल्या आणि मधेच थांबल्या. उठून पाटाच्या गार पाण्यापाशी गेल्या, साबण घेतला, कोपरापर्यंत हात घासले, पुसले, नखं पाहिली, पुन्हा घासले. आणि मग त्याला उचललं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.

आणि माझ्या मनात काय आलं? नोदिराला मात्र या तशाच हातांनी उचलतात! खरंच, हेच आलं. स्वभावाला औषध नाही.

संध्याकाळी त्यांनी पोरांसाठी इसिरिक पेटवलं. या खेपेला दोघांसाठी, एल्योर आणि नोदिरा, शेजारी शेजारी बसवून. कात्री हातात घेतलेली पाहून मी मुकाट्याने रुमालाचं उरलेलं टोक पुढे केलं. ओयींनी माझा हात बाजूला सारला. मग आपल्या डोक्यावरचा पांढरा रुमाल पुढे ओढला, त्याचं टोक कापलं आणि धुरात टाकलं.

शाहलोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तुकडा जळून जाईपर्यंत ओयी तिथेच बसून राहिल्या, मग पियाल्या मांडून मला म्हणाल्या, "चहा ओत, खोसियत."